ग्रीन टीत दूध-साखर घालणारे इथे कोण कोण आहेत?

सांगलीची_सून
आमच्याकडे रोज सकाळी यावरून वाजतंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. बाबांना (सासरे) डॉक्टरांनी चहा कमी करा म्हणून सांगितलं, दिवसाचे पाच-सहा कप सहज व्हायचे त्यांचे, तर नवऱ्याने ग्रीन टीचा डबा आणून ठेवला, पानांचा, टीबॅगचा नाही. आता बाबा काय करतात तर नेहमीच्याच पातेल्यात अर्धं पाणी अर्धं दूध, आलं ठेचून, कपाला दोन चमचे साखर आणि वर चमचाभर हा ग्रीन टी, मग तीन उकळ्या येईपर्यंत खळाखळा उकळायचा आणि वर म्हणायचं "झाला की ग्रीन टी!" नवरा म्हणतो असलं पिण्यापेक्षा साधा चहा प्या, निदान चव तरी लागेल. बाबा म्हणतात तुझं ते पाल्याचं पाणी तू पी. मी मधल्या मधे.
तर दोन प्रश्न. दूध घातलं की ग्रीन टीचा फायदा खरंच शून्य होतो का? आणि दुसरं, दूध साखर घालूनच प्यायचा असेल तर बरा लागेल असा काही प्रकार आहे का, कारण आत्ता जे होतंय ते मी पण चाखलंय आणि ते वाईट आहे हो.. रंग मातकट, वास हिरवट, आणि आल्याचा ठसका वेगळाच.

चहाटळ
दूध-साखरेचा ग्रीन टी म्हणजे डाएटवर आहे म्हणून तर्रीवाल्या मिसळीबरोबर पाव नको म्हणणं :ड
हलके घ्या. बाबांना माझा नमस्कार सांगा, माणूस तत्त्वाचा आहे.

कोरा_करकरीत
अरे देवा. ग्रीन टी उकळतात??
ताई दूध साखर नंतर बघू, आधी उकळणं थांबवा. पाणी उकळून गॅस बंद करायचा, दोन-चार मिनिटं निवू द्यायचं म्हणजे ७५-८० अंशावर येतं, मग पानं टाकून झाकण, दोन मिनिटांत गाळायचं. बास. उकळत्या पाण्यात कडवट तुरट जे काय आहे ते सगळं एकदम उतरतं आणि मग लोक म्हणतात ग्रीन टी कडू असतो. नीट केला तर कडू लागत नाही, मागाहून जिभेवर किंचित गोडसर चव राहते. एकदा असा करून द्या त्यांना, साखर आपोआप सुटेल.

बारामतीकर
@कोरा_करकरीत साखर आपोआप सुटत नाही हो. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात तर अजिबातच सुटत नाही. आमच्या आत्याकडे पाहुण्याला कमी साखरेचा चहा दिला तर पाहुणा समजतो घरात काहीतरी बिनसलंय.

रसायनवाला
"दूध घातलं की फायदा शून्य" हे व्हॉट्सअपवर फिरतं त्याच्या मुळाशी काय आहे ते सांगतो, जरा लांबेल.
चहात कॅटेचिन्स नावाची अँटिऑक्सिडंट्स असतात, फायदा म्हणतात तो त्यांचाच, ग्रीन टीत त्यातलं मुख्य ईजीसीजी. ही मंडळी प्रथिनांना चिकटतात. तुरट लागतं ते त्यामुळेच, लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंड कोरडं कोरडं होतं. दूध घातलं की ती दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात आणि तुरटपणा मरतो, म्हणून दुधाचा चहा गुळगुळीत लागतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण केसीनला चिकटलं म्हणजे पोटात गेल्यावर वाया गेलं का, इथे गाडी अडते, कारण पोटात ते प्रथिन पचतं की!
२००७ मध्ये बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात १६ बायकांवर एक प्रयोग झाला, त्यात नुसत्या चहाने रक्तवाहिन्या सैल पडायला मदत होत होती आणि दूध घातल्यावर तो परिणाम गायब. पेपरात हेच आलं आणि हेच फिरलं. पण त्याच्या आधी १९९८ ला नेदरलँड्समध्ये १२ जणांवर केलेल्या प्रयोगात रक्तात पोचणारी कॅटेचिन्स दूध घालून आणि न घालता सारखीच निघाली होती, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे दूध घातलं होतं ते काळ्या चहात! ग्रीन टीत नाही. मूठभर माणसं, तीही दुसऱ्याच चहावर, आणि त्यावरून आपण सांगलीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा कप हिसकावून घेणार का?
दूध घातल्याने फायदा शून्य होतो असं छातीठोक म्हणता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

सांगलीची_सून
@रसायनवाला हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, बाबांनी "बघ" म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. आता आठवडाभर ऐकावं लागणार.

पथ्यपाणी
सून ताई, एक सांगा, डॉक्टरांनी चहा कमी करा सांगितलं ते कशामुळे? ॲसिडिटी, झोप, बीपी की शुगर? कारण त्यावर सगळं आहे.

सांगलीची_सून
शुगर बॉर्डरलाइनला आलीय. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) वाढलंय थोडं.

पथ्यपाणी
मग झालं की. मग दूध सोडा बाजूला, भांडण साखरेशी आहे.
सपाट चहाचा चमचा साखर म्हणजे ४ ग्रॅम, आपल्या घरात शिगोशीग भरतात ते वेगळंच. कपाला दोन आणि दिवसाला सहा कप म्हणजे नुसत्या चहातून ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि ५ टक्क्यांवर आणता आली तर आणखी बरं, ते ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. बाबांचा तो कोटा दुपारच्या चहाआधीच संपतो. तेव्हा डब्यातली पावडर बदलून काय होणार, काळ्याच्या जागी हिरवी आली, साखर तेवढीच राहिली.
दुधाचं म्हणाल तर गायीच्या १०० मिलीत ६५ च्या आसपास कॅलरीज, म्हशीच्यात १०० च्या वर. अर्धा कप दूध काही कुणाचा जीव घेत नाही, उलट या वयात थोडं प्रथिन कॅल्शियम पोटात जातं.
आणि वजनाबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगते, ग्रीन टीने वजन उतरतं हे जाहिरातीत असतं तेवढं काही नाही. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तर फरक इतका किरकोळ निघाला की तो धरण्यासारखाही नव्हता.

जिमला_जाते
काय सांगता पथ्यपाणीताई :( मी तीन डबे घेऊन ठेवलेत ऑफरमध्ये. आणि आमच्या जिममधला ट्रेनर तर ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्या घे म्हणतोय, म्हणे चहा प्यायची कटकटच नाही.

पथ्यपाणी
@जिमला_जाते डबे प्या, गोळ्या नको. कपातला चहा आणि गोळी एक नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ ला तपासून सांगितलंय की गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. साध्या उतरवलेल्या चहाला सहसा तसा धोका नाही.
आणि अजून एक, खास बायकांसाठी. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच ग्रीन टी पिऊ नका. वरण पालेभाजीतलं लोह शोषायला चहा अडवतो, काळा असो की हिरवा. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असंच आहे. हिमोग्लोबिन ९ असणाऱ्या मुली जेवणावर पचायला म्हणून ग्रीन टी पितात तेव्हा मला कपाळाला हात लावावासा वाटतो.

निम्मासाखर
मी साखरेऐवजी मध घालतो, मग चालतं ना?

पथ्यपाणी
मध म्हणजे पण साखरच हो शेवटी. चव आवडते म्हणून घाला, शुगर आहे म्हणून नको.

वैद्यबुवांचा_नातू
शिवाय आयुर्वेदात मध गरम करायचा नाही, गरम पदार्थात घालायचा नाही असं स्पष्ट आहे. आमचे आजोबा लेमन हनी ग्रीन टी हा शब्द ऐकला तरी चिडायचे. आणि लिंबू पिळून वर दूध घालणारे महाभाग पण पाहिलेत मी, तो चहा फाटतो आणि मग पनीर तरंगतं, त्यावर मला विचारतात दूध खराब होतं का.

शिझुओका_डायरी
इथे जपानमध्ये राहते म्हणून लिहायला आले. गरम साध्या ग्रीन टीत साखर घालताना मी इथे कुणाला पाहिलं नाही. हॉटेलात जेवणाबरोबर फुकट येतो, ऑफिसात मशीनमधून येतो, सगळा बिनसाखरेचा. बाटलीतला पण बिनसाखरेचा, १९८५ ला इतो एन कंपनीने पहिल्यांदा डब्यातला ग्रीन टी विकायला काढला तोही तसाच होता. मी पहिल्यांदा इथल्या घरमालकीणबाईंकडे गेले तेव्हा साखर मागितली तर त्या बिचाऱ्या उठून कॉफीच करून घेऊन आल्या!
पण गोडाचं वावडं आहे असं पण नाही हां. माच्चाच्या समारंभात आधी गोड मिठाई खायला देतात, ती संपवायची आणि मग तो जाडसर हिरवागार कडू चहा प्यायचा. साखर कपात नाही, आधी तोंडात. मला ही पद्धत फार आवडली, घरी पेढ्याबरोबर करून पाहिली, मस्त जमतं. आणि माच्चा लाटे तर इथे कॅफेत सगळीकडे, त्यात दूध आणि साखर दोन्ही. तो चांगला लागतो कारण माच्चा म्हणजे अख्खं पान दळलेली पूड असते, नुसता अर्क नाही, त्यामुळे दुधात चव हरवत नाही. भाजलेल्या पानांचा होजिचा पण दुधात झकास लागतो, खमंग असतो. साध्या सेंचात, म्हणजे इथल्या रोजच्या पानांच्या ग्रीन टीत मात्र दूध घालू नका, दुधाखाली काही उरत नाही.
सून ताई, बाबांना होजिचा आवडेल असं वाटतं, पण तिकडे महाग पडतो.

रसायनवाला
@शिझुओका_डायरी बरोब्बर. त्याच्यामागचं कारण पण सांगून टाकतो, कारण अजून बऱ्याच जणांना ग्रीन टी हे वेगळं झाड वाटतं. झाड एकच. पान तोडलं की त्यातलं एन्झाइम हवेशी काम सुरू करतं, पान काळं पडत जातं आणि कॅटेचिन्सची थिआफ्लेविन वगैरे होतात, ज्यांचा तो लाल रंग आणि कडकपणा. ग्रीन टीत हे होऊच देत नाहीत, चीनमध्ये गरम कढईत परततात, जपानमध्ये वाफ देतात, एन्झाइम मेलं, पान हिरवं राहिलं. आपली सीटीसी पावडर याच्या दुसऱ्या टोकाला, पान चिरडून फाडून गोळ्या केलेली, एका उकळीत सगळा रंग बाहेर. ती दुधाला पुरून उरते. हिरव्या पानात तो लाल रंग नाही, कडकपणा नाही, जे काय आहे ते नाजूक सुवास, आणि तो दुधाच्या सायीखाली मरतो. म्हणून मातकट रंग. बाबांचा हात वाईट नाही, पान त्या कामाचं नाही.

घाटावरचा
आमची मावशी ग्रीन टी म्हणून गवती चहाच देते सगळ्यांना. दूध, साखर, आलं, गवती चहाची पात. हिरवं आहे ना, मग झालं. आणि खरं सांगू, इथल्या सगळ्या प्रकारांपेक्षा तोच भारी लागतो.

कोरा_करकरीत
त्यात चहा पावडर असते का?

घाटावरचा
असते की. नाहीतर रंग कसा येणार.

लालचौक_ते_कोथरूड
अरे एवढी चर्चा झाली आणि काश्मीरचं कुणी नावच घेत नाही! दूध घातलेला ग्रीन टी म्हणजे काहीतरी अधर्म असं बोलताय सगळे, तिकडे पिढ्यान् पिढ्या तोच पितात.
मिस्टरांची बदली श्रीनगरला होती तेव्हा शेजारच्या चाचींकडून शिकले. नून चाय म्हणतात, शीर चाय पण म्हणतात. पानं हिरव्या चहाचीच, जाडी, वळलेली. पातेल्यात गार पाणी, दोन मोठे चमचे पानं आणि पाव चमचा खायचा सोडा, आणि उकळत ठेवायचं. तुम्ही म्हणता दोन मिनिटं, तिथे अर्धा तास पाऊण तास चालतं. मधे मधे डावाने चहा वर उचलून उंचावरून परत पातेल्यात सोडायचा, सोडत राहायचा, चाचींचा हात न थांबता चालायचा आणि तोंडाने गप्पा. हळूहळू पाणी हिरव्याचं पिवळं, मग तपकिरी आणि मग गडद लाल होतं, आटून निम्मं होतं. मग त्यात एकदम गार पाणी ओतायचं, परत उकळी. आता दूध घातलं की रंग असा गुलाबी येतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रंगच टाकलाय. मीठ घालायचं, साखर नाही. वरून साय. आणि बरोबर कांदुरकडची, म्हणजे तिथल्या बेकरीवाल्याकडची गरम गिरदा नाहीतर लवासा, या तिथल्या रोट्या. पहाटेच थंडीत फिरन (तिथला लांब सैल झगा) घालून त्याच्या दुकानासमोर रांग लागते.
पहिला घोट मला अजिबात नाही आवडला, खारट चहा कसा आवडेल. पण थंडीत सकाळी सवय लागली की लागलीच. आणि साखरेचा पण आहे की, पाकिस्तानात लाहोरकडे लग्नात गुलाबी काश्मिरी चहा देतात तो गोड, पिस्ते वगैरे घालून. लखनौच्या जुन्या भागात पण गोड गुलाबी मिळतो. म्हणजे सून ताई, दूध, साखर आणि ग्रीन टी हे तिन्ही एकत्र चांगलं लागतंच, फक्त ते तसं करावं लागतं.
कहवा वेगळा. त्यात दूध नाही. केशर, दालचिनी, वेलची आधी उकळून घ्यायची, पानं अगदी शेवटी मिनिटभर, साखर किंवा मध, आणि पेल्यात बदामाचे काप. लग्नात तांब्याच्या समोवारमधून वाढतात, मधल्या नळीत निखारे असतात त्यामुळे शेवटच्या पाहुण्यापर्यंत गरम राहतो.

चहाटळ
वाचूनच थंडी वाजली. इथे नागपूरला ४४ डिग्री आहे हो ताई.

रसायनवाला
@लालचौक_ते_कोथरूड सुंदर लिहिलंय. सोड्याने पाणी अल्कली होतं आणि त्यात कॅटेचिन्स हवेशी भराभर संयोग पावून लाल होतात, डावाने उंचावरून सोडायचं ते हवा मिसळायलाच. म्हणजे जे काम कारखान्यात एन्झाइम करतं त्यासारखंच काहीतरी तुमच्या चाची पातेल्यात करून घ्यायच्या. म्हणूनच तो दुधाला टिकतो.

इतिहासाचे_पान
मला या धाग्यावर एक वेगळीच गोष्ट टाकायचीय. ग्रीन टीत दूध-साखर घालणं हे आपल्या बाबालोकांचं पाप नाही, अमेरिकेत एके काळी तीच रीत होती!
१७७३ ला बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात हिरव्या चहाच्या पण पेट्या होत्या, सिंगलो आणि हायसन म्हणून, हे कुणी सांगत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान परदेशी व्यापाराला खुला झाल्यावर तिकडचा ग्रीन टी जहाजं भरभरून अमेरिकेत जायचा, शिकागोच्या आसपासच्या गावातले शेतकरी तो दूध आणि साखर घालून प्यायचे. शिझुओकाचे मळे वाढले ते बरेचसे या गिऱ्हाइकावर.
मग तो गेला कुठे? तर आपल्या इथलाच काळा चहा, म्हणजे आसाम आणि सिलोन, याने त्याला हाकललं. इंग्रज मळेवाल्यांनी तिकडे धडाक्यात जाहिरात केली, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात भारत सिलोनच्या चहाचा मोठा थाट होता. आणि ग्रीन टीवर भेसळीचा शिक्का मारला. तो शिक्का अगदीच खोटा पण नव्हता, रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने चीनमध्ये पाहिलं होतं की निर्यातीचा चहा जास्त हिरवा दिसावा म्हणून त्याला प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग आणि जिप्सम लावतात, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याचे नमुनेच मांडले होते. पण जाहिरातवाल्यांनी ते वापरून सगळ्या आशियाई हातांनाच घाणेरडं ठरवलं, ते फार हलकट होतं. काळा चहा मात्र आशियातल्याच मजुरांच्या हातून यायचा, ते कुणी बोलायचं नाही.

बंडूतात्या
आयला, म्हणजे आज ग्रीन टीवाले आपल्या कडक चहाला नाकं मुरडतात आणि शंभर वर्षांपूर्वी उलटं होतं. +१ आणि धन्यवाद.

भटकभवानी
@इतिहासाचे_पान तो फॉर्च्यूनच ना ज्याने चीनमधून चहाची रोपं आणि कारागीर हिंदुस्थानात आणले? हिमाचलला पालमपूरला गेले होते तेव्हा ऐकलं होतं. तिकडे कांगड्यात चिनी जातीचीच झुडपं आहेत, बुटकी, पानं लहान. १८४९ च्या सुमारास सहारनपूरच्या बागेचे डॉ. जेमसन यांनी लावायला सुरुवात केली. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने सगळं बसवलं, कारखाने पडले, इंग्रज मळे विकून निघून गेले. त्यानंतर स्थानिक लोकांनी छोट्या छोट्या तुकड्यांत चालू ठेवलं आणि ग्रीन टी बनवला, तो अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत काश्मीर काबूलकडे जायचा. २००५ ला कांगडा चहाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.
तिथल्या गेस्ट हाऊसवाल्या काकू कांगडा ग्रीन टीला फक्त वेलची आणि जराशी साखर घालून द्यायच्या, दूध नाही. छान लागायचा. दूध मागितलं असतं तर दिलं असतं त्यांनी, पण मागायची माझी हिंमत नाही झाली.

दर्यावर्दी
जहाजावर होतो तेव्हा कॅसाब्लांका टँजियर झालंय. मोरोक्कोवाल्यांचा चहा ग्रीन टीच, चीनमधून येणारा गनपावडर, म्हणजे पान गोळीसारखं वळलेलं. आधी थोडं उकळतं पाणी घालून खंगाळून ते पाणी टाकतात, मग पाणी, चांगला जुडीभर पुदिना आणि साखर.. साखर किती म्हणाल तर आपला कोल्हापूरचा माणूस पण म्हणेल जरा कमी करा. शंकूसारखी साखरेची ढेप असते ती फोडून घालतात. चांदीच्या किटलीतून हात वर नेऊन उंचावरून छोट्या ग्लासात, फेस आला पाहिजे वर. फेस नाही आला तर परत किटलीत ओतून पुन्हा. एजंटकडे गेलं की कामाच्या आधी चहा, नाही म्हणायचं नाही.
दूध नाही घालत. पण ग्रीन टीत साखर घालणं चुकीचं म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन म्हणून दाखवावं.

कोरा_करकरीत
मी चुकीचं कुठे म्हणालो, मी उकळू नका म्हणालो. आणि इथे तर अर्धा तास उकळणारे निघाले. ठीक आहे, प्रत्येकाचं पान वेगळं, पण सुपरमार्केटच्या डब्यातलं पान घेऊन नून चाय करायला जाऊ नका एवढं तरी ऐका.

पथ्यपाणी
आणि मी पण जरा मोडता घालते. नून चायमध्ये मीठ पण आहे आणि सोडा पण, दोन्हीतून सोडियम जातं. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी हौस म्हणून कधीतरी प्यावा, रोज दोनदा नाही. सून ताई, तुमच्याकडे साखर हा मुद्दा आहे तर कहवा द्या केशर वेलचीचा, साखर अर्ध्या चमच्यावर आणा आणि ती पण आठवड्याआठवड्याने कमी. वेलची दालचिनीने गोडाचा भास होतो थोडा. आणि सकाळचा एक दुधाचा चहा त्यांना त्यांचा त्यांच्या पद्धतीने, साध्या पावडरचा, पिऊ द्या. बाकीचे चार-पाच बदलले तरी पुष्कळ झालं. साठ वर्षांची सवय एका डब्याने मोडायची म्हटलं की माणूस बाहेर टपरीवर जाऊन पितो, आणि तिथली साखर तुमच्या हातात नसते.

बारामतीकर
हे शेवटचं वाक्य सगळ्या सुनांनी आणि मुलांनी लिहून ठेवा. आमचे अण्णा बँकेत जातो म्हणून टपरीवर जायचे. रविवारी पण.

सांगलीची_सून
बारामतीकर :हाहा:
कहवा करून बघते. केशराचं ऐकून बाबांचे डोळे चमकलेत, "हे आधी सांगायचं ना" म्हणाले. नवरा म्हणतोय ग्रीन टीचा डबा तीनशेचा आणि केशर किती रुपये ग्रॅम ते विचार.

निम्मासाखर
कहव्याला घरातलाच साधा ग्रीन टी चालतो का, की तिकडचीच पानं पाहिजेत?

लालचौक_ते_कोथरूड
कहव्याला चालतो साधा, पानांचा असेल तर. फ्लेवरचा नको, तुळस आलं लिंबू असलं काही घातलेला नको, केशर मरतं. केशर पण चार-पाच काड्याच लागतात हो, कोमट पाण्यात आधी भिजवून ठेवा. नून चायला मात्र तिकडचीच पानं. इथे पुण्यात थंडीच्या दिवसात काश्मिरी शालवाले येतात ना, त्यांना सांगून ठेवलं तर पुढच्या फेरीत आणून देतात, मी तसंच करते.

जिमला_जाते
मी काल रात्री नून चाय ट्राय केली, गुलाबी काही नाही झाली, विटकरी तपकिरी झाली आणि साबणासारखी चव. सोडा तर घातला होता. काय चुकलं असेल?

लालचौक_ते_कोथरूड
साबणाची चव म्हणजे सोडा जास्त झाला, चिमूटभरच घाल दोन कप पाण्याला. आणि कधी घातलास? दूध घातल्यावर घालून उपयोग नाही, पहिल्या गार पाण्यातच पाहिजे. दूध ओतायच्या आधी पळीभर पाणी पांढऱ्या वाटीत काढून बघायचं, लालभडक दिसलं तरच दूध, तपकिरी असेल तर अजून उकळ आणि डावाने वर-खाली कर. आणि टीबॅग फोडून केली असशील तर राहू दे, त्या चुऱ्यातून तो रंग येत नाही.